निर्यातीच्या पिल्लांची जैवसुरक्षा पैदास शेडपासून

नागपूर परिसरातील ज्या कुक्कुट उत्पादकांना उबवणीची अंडी किंवा एक दिवसाची पिल्ले परदेशी पाठवायची आहेत, त्यांनी आरोग्य प्रमाणपत्राच्या अर्जाआधी पैदास पक्ष्यांची शेड तपासावी, कारण पुलोरम व मायकोप्लाझ्मा हे रोग कोंबडीकडून अंड्यातूनच पिल्लात उतरतात आणि हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रात, कितीही स्वच्छता ठेवली तरी ते निघत नाहीत. पैदास कळपाची रक्ततपासणी ठरावीक अंतराने करावी आणि बाधित कळपाचे एकही अंडे उबवणीस लावू नये.

बर्ड फ्लूचा धोका मात्र बाहेरून येतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले, हे आपण नागपूरकरांनी विसरू नये. शेडच्या जाळीतून चिमणीही आत येता कामा नये, तळ्याचे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय पक्ष्यांना देऊ नये आणि घरी कोंबड्या पाळणारा मजूर पैदास शेडवर ठेवू नये. प्रत्येकाने आंघोळ करून, फार्मचेच कपडे व गमबूट घालून आत जावे. भारताने जाहीर केलेली २६ बर्ड फ्लूमुक्त कंपार्टमेंट (एकाच जैवसुरक्षा व्यवस्थेखाली इतरांपासून वेगळे ठेवलेले कुक्कुट फार्म) जागतिक पशुआरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य केली, त्यांत महाराष्ट्रातीलही आहेत; अशा कंपार्टमेंटचा आधार म्हणजे हीच रोजची, लेखी नोंद असलेली शिस्त होय.

सर्वांत जास्त चुका अंडी हाताळताना होतात. नुकतेच घातलेले अंडे कोमट असते. ते थंड होताना आतला भाग आकसतो आणि कवचाच्या छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यामुळे अंडी दिवसातून अनेकदा गोळा करावीत, ओल्या फडक्याने कधीही पुसू नयेत आणि जमिनीवरची अंडी निर्यातीतून सरळ बाजूला काढावीत. साठवण १५ ते १८ अंश सेल्सिअसला असते; आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत तिथून ट्रे एकदम बाहेर काढला की कवचावर दव धरते. असे अंडे वाळेपर्यंत त्याला जंतुनाशक धुरी देऊ नये, गाडीतही चढवू नये.

हॅचरीत हवा व माणसे अंड्यांकडून पिल्लांकडेच जावीत, उलट कधीही नाही. पिल्ले पोटातील बलकावर सुमारे ७२ तास तग धरतात, म्हणून विमानाची वेळ पक्की झाल्यावरच उबवणी मागे मोजून २१ दिवस आधी लावावी आणि पिल्ले नव्या, न वापरलेल्या खोक्यांतच भरावीत.