शेगडीवरचं चिकन: सावजी मसाला शेवटी लावा

नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला झणझणीत सावजी मसाला आधीच चोपडून चिकन निखाऱ्यावर ठेवलं, की मसाला जळून कडू होतो आणि हाडाजवळ मांस कच्चंच राहतं. म्हणून मसाला मागे ठेवायचा.

१. १ किलो लेगपीसला खोल चिरा द्या. मीठ, हळद, आलं-लसूण आणि फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही चोळून ४ तास फ्रीजमध्ये ठेवा. पातळ दही नको. पाणी टपकून निखारे विझतात.

२. निखारे एका बाजूला सारा, पीस दुसऱ्या बाजूला. वर पातेलं उपडं घाला, पीस मधूनमधून उलटा. हाडाजवळ टोचल्यावर गुलाबी पाणी येईनासं होईपर्यंत घाई नको.

३. आता २ चमचे मसाला ४ चमचे शेंगदाणा तेलात कालवून लावा. थेट निखाऱ्यावर, दोन्ही बाजूंनी जेमतेम मिनिटभर.

खाताना वरून संत्रं पिळा, तिखट जरा निवतं. सोबत कांदा-लिंबू पुरे. मेयोनीज सावजीशी मला तरी जमत नाही.

कोळशाची शेगडी बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गॅलरीत पेटवू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.