वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य : शिकवताना या चुका टाळा

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा एखादा विद्यार्थी मागच्या बाकावर बसू लागला, जर्नल कोरे ठेवू लागला किंवा व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) दिवशी गैरहजर राहू लागला, की आपण शिक्षक त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. ४० हून अधिक देशांतील अभ्यासांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात सुमारे २७ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली होती, आणि अशांपैकी उपचार घेणारे जेमतेम १६ टक्के होते. म्हणून शेरा मारण्यापूर्वी तो नीट झोपतो का, जेवतो का, एवढे तरी विचारावे.

सर्वांत खोल जखम करणारी चूक वॉर्डात घडते. उत्तर न आलेल्या विद्यार्थ्याला रुग्णासमोर ‘तुला सीट दिली कोणी?’ असे विचारले, की तो त्या दिवसापासून अभ्यास वाढवत नाही, अज्ञान लपवायला शिकतो. आणि अज्ञान लपवणारा डॉक्टर पुढे रुग्णालाही धोक्याचा ठरतो. राखीव जागेवरून किंवा खेड्यातून आलेल्या मुलाला तर हा प्रश्न त्याच्या तिथे असण्यावरच घेतलेला आक्षेप वाटतो. ‘माहीत नाही’ हे उत्तर शांतपणे स्वीकारावे, दुसऱ्या दिवशी तीच केस त्याच्याकडूनच मांडून घ्यावी आणि चूक दाखवायचीच असेल तर ती ड्युटी रूममध्ये, एकट्याला दाखवावी.

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अडखळत असेल, तर तोच प्रश्न त्याला मराठीत विचारून पाहावा. उत्तर आले, तर अडचण आकलनाची नसून इंग्रजीची आहे. एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समधील भाषेचे तास निव्वळ औपचारिकता म्हणून उरकले, तर ही अडचण वर्षभर ‘कच्चेपणा’ म्हणून वावरते.

शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या तिन्ही विभागांनी एकाच आठवड्यात चाचण्या लावणे ही निव्वळ नियोजनाची चूक आहे, आणि ती सामाईक वेळापत्रकाने सुटते. अमेरिकेतील सेंट लुईस विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने सुरुवातीच्या वर्षांत श्रेणींऐवजी उत्तीर्ण-अनुत्तीर्ण पद्धत आणली, तास कमी केले आणि विद्यार्थ्यांचे लहान गट बांधले, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांमधील नैराश्य व चिंता घटल्याचे दिसून आले. आपल्याकडे मात्र अध्यापन जसेच्या तसे ठेवून ताणमुक्तीवर एखादे व्याख्यान ठेवले जाते. ताण कोठून येतो हे न पाहता विद्यार्थ्याला कणखर व्हायला सांगणे मला अन्यायाचे वाटते.

मेंटॉर (विद्यार्थ्याचा मार्गदर्शक शिक्षक) नेमताना एक गोष्ट हमखास निसटते. इंटर्नलचे (अंतर्गत परीक्षेचे) गुण ज्यांच्या हाती, त्यांच्यापाशी विद्यार्थी मन मोकळे करत नाही. मेंटॉर दुसऱ्या विभागाचा असावा. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी स्वतः सोबत मनोविकार विभागात न्यावे. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चालू असतो. तो त्याच्या फोनमध्ये आपल्यासमोरच नोंदवून घ्यावा.