बुराकू समाजावर व्याख्यान कसे तयार करावे

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानिमित्त २० मार्चला कोकणात ठिकठिकाणी व्याख्याने होतात. तेथे जपानमधील बुराकू, म्हणजे तिकडे अस्पृश्य मानला गेलेला समाज, हा विषय घ्यायचा असेल, तर सुरुवात कामांपासून करावी. एदो काळात (१६०३ ते १८६८) मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, देहदंडाची शिक्षा अमलात आणणे ही कामे ज्यांच्या माथी मारली गेली, त्यांना विटाळाच्या कल्पनेमुळे वेगळ्या वस्तीत राहावे लागे. मेलेले ढोर ओढण्याची सक्ती म्हणजे काय, हे आपल्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर १८७१ च्या मुक्तीच्या हुकुमाकडे वळावे. हुकुमाने हीन दर्जा कागदावर संपवला, पण त्याबरोबर कातड्याच्या धंद्यावरचा परंपरागत हक्कही गेला आणि पोट भरण्याची सोय कोणीच केली नाही. पुढच्याच वर्षीच्या सरकारी कुटुंबनोंदवहीत अनेकांच्या नावापुढे जुन्या दर्जाची खूण राहून गेली. ही नोंदवही १९६८ मध्ये लोकांना पाहण्यासाठी बंद झाली. तरीही बुराकू वस्त्यांच्या याद्या गुपचूप छापल्या जात आणि नोकरभरतीपूर्वी उमेदवाराचे मूळ तपासण्यासाठी कंपन्या त्या विकत घेत, हे १९७५ मध्ये उघडकीस आले.

व्याख्यानाचा अधिक वेळ येथे द्यावा, असे माझे ठाम मत आहे. चेहरा, भाषा, धर्म यांत काहीच वेगळे नसलेला माणूस तेथे पत्त्यावरून ओळखला गेला. आपल्याकडेही लग्नाच्या बायोडेटावर गावापुढे वाडीचे नाव आले की वाचणाऱ्याला जात कळते. महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय २०२० मध्ये घेतला, तो याच कारणाने.

मात्र दोन्ही समाज सरसकट एकच मानू नयेत. १९९३ च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये अशा सुमारे ४,४०० वस्त्या आणि सुमारे ९ लाख बुराकू लोक नोंदले गेले. आपल्याकडील दलितांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे.

चळवळीचा भाग सांगताना ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे स्थापन झालेल्या सुइहेइशा संघटनेचा उल्लेख अवश्य करावा; महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी या लोकांनी आपली मुक्ती आपणच मिळवण्याचा निर्धार जाहीर केला होता. १९६९ च्या कायद्याने बुराकू वस्त्यांतील घरे, रस्ते, शिक्षण यांवर खर्च झाला, तो २००२ पर्यंत चालला. २०१६ चा भेदभावविरोधी कायदा आहे, परंतु त्यात शिक्षेची तरतूद नाही.

पडद्यावर नकाशा दाखवताना एकाही बुराकू वस्तीवर खूण करू नये आणि श्रोत्यांनी विचारले तरी वस्त्यांची नावे सांगू नयेत.