कॉन्सुल जनरल साहेबांची बदली झाली? निरोपात या चुका टाळा

कॉन्सुलेट म्हणजे परदेशी सरकारचं आपल्या शहरातलं कार्यालय, आणि त्याचे प्रमुख ते कॉन्सुल जनरल. युरोप-अमेरिकेच्या बऱ्याच कॉन्सुलेटांत बदल्यांचा हंगाम जून ते ऑगस्ट, म्हणजे मुंबईचा ऐन पावसाळा. तरी दरवर्षी कुठलं तरी कॉलेज नाहीतर व्यापारी मंडळ हिरवळीवर निरोप समारंभ ठरवतं आणि आदल्या दिवशी मंडपवाल्याच्या मागे लागतं. पावसाचं काय, त्याला ताडपत्री मिळते. निभावत नाही ते वेगळंच: आधी कोणाला सांगायचं आणि कोणाला नंतर, याचा कोणी विचारच केलेला नसतो.

सगळ्यात वाईट चूक घरातच होते. साहेब फेसबुकवर निरोपाचं लांबलचक लिहून मोकळे होतात आणि ड्रायव्हरला बातमी इमारतीच्या वॉचमनकडून कळते. साहेबांना पुढची नोकरी ठरलेली असते. ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या बाई, मुलं सांभाळणाऱ्या ताई यांना मात्र नवे साहेब ठेवतील की नाही याचा भरवसा नसतो. म्हणून घरच्या माणसांना पहिल्यांदा सांगा. राहिलेला पगार आणि रजेचा हिशेब कागदावर करा. शिफारसपत्र सामानाची खोकी भरायच्या आधी द्या. ‘प्रामाणिक आणि मेहनती’ एवढ्या दोन शब्दांवर कोणी नोकरी देत नाही. कधीपासून कधीपर्यंत काम केलं, कुठली गाडी चालवली, रात्री-अपरात्री विमानतळाच्या फेऱ्या केल्या का, बाईंना कुठले पदार्थ येतात, पन्नास माणसांचं जेवण एकट्यानं निभावलं का, हे लिहा. खाली सही आणि तारीख. पुढचा मालक नेमकं हेच विचारतो.

आता समारंभ करणाऱ्यांसाठी. फ्लेक्सवर ‘माननीय राजदूत’ छापू नका. राजदूत दिल्लीत असतात आणि आपली अधिकारपत्रं राष्ट्रपतींना सादर करतात. मुंबईत असतात ते महावाणिज्यदूत, म्हणजेच कॉन्सुल जनरल, आणि ते भारत सरकारच्या मान्यतेनं काम करतात. १९६३ च्या व्हिएन्ना करारात ही पद्धत लिहिलेली आहे. ब्रिटनचे मात्र इथे उप उच्चायुक्त. गोंधळ वाटला तर त्यांच्या कार्यालयाच्या पत्रावर छापलेलं पद जसंच्या तसं उचला.

दुसरी घाई नव्या साहेबांची. ते येऊन त्यांना मान्यता मिळेपर्यंत स्टेजवरून ‘आपले नवे कॉन्सुल जनरल’ म्हणून टाळ्या घेऊ नका. मधल्या काळात प्रभारी अधिकारी काम बघतात, त्यांनाच खुर्ची द्या.

राज्यपाल, मुख्यमंत्री यांच्या निरोपाच्या भेटी राजशिष्टाचार विभागाकडे लेखी मागायच्या असतात. एखाद्या ओळखीच्या पीएला फोन करून ‘बघा ना जरा’ म्हणणं सोपं. पण त्यामुळे बाकीच्या भेटींचं वेळापत्रक कोलमडतं. त्यातून पावसाळी अधिवेशन चालू असेल तर मंत्री विधान भवनात अडकलेले असतात. तारीख हातात आल्याशिवाय पत्रिकेत काही छापू नका.

भेटवस्तूंबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे प्रेम उतू जातं. शाल बिनधास्त द्या. नारळ हातात देऊन फोटो काढा आणि परत घ्या: सुक्या नारळाला विमानात मनाई आहे, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तू, बिया, लाकूड यांची कसून तपासणी होते. चोर बाजारातली पितळी समई घेताना तर दहादा विचार करा. दुकानदार छातीठोकपणे ‘दीडशे वर्षं जुनी आहे साहेब’ म्हणतो. तो खरं बोलत असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर नेता येत नाही, कारण मर्यादा शंभर वर्षांची आहे. आणि खोटं बोलत असेल तर तुम्ही फसलात! वस्तू जुनी दिसत असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला घ्या. नाहीतर सरळ नवी पैठणी किंवा वारली चित्र द्या, बिल जोडून. बिल अशासाठी, की अनेक देशांत अधिकाऱ्यांना भेटीची किंमत कळवावी लागते.

झेंडे लावताना पोलंड आणि इंडोनेशियाची अदलाबदल होते. पोलंडचा पांढरा वर, इंडोनेशियाचा लाल वर.

कस्टम ड्यूटी न भरता आणलेली गाडी मित्राला परस्पर विकता येत नाही. आधी परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी लागते, त्याला वेळ लागतो, आणि हे साहेबांना शेवटच्या आठवड्यात आठवतं.

शेवटची चूक साहेब स्वतः करतात: निरोपाच्या भेटींना एकटे जातात. पर्यटकाचा अपघात झाला, कोणी पासपोर्ट हरवून बसला, तर मध्यरात्री फोन उचलणारे पोलीस ठाण्यातले, हॉस्पिटलातले, विमानतळावरचे अधिकारी वर्षानुवर्षांच्या ओळखीनं जोडलेले असतात. नवे साहेब बहुतेक वेळा जुने गेल्यावर येतात, म्हणजे या ओळखी हातोहात द्यायला कोणी नसतं. म्हणून प्रत्येक भेटीला दुय्यम अधिकाऱ्याला आणि जुन्या स्थानिक कर्मचाऱ्याला सोबत न्या, नंबर तिथेच बदलून घ्या. ऑफिसचा मोबाइल जमा झाला की साहेबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं कोणी वाचत नाही.