दोघांचं रंगप्रदर्शन सोलापुरात मांडताना

एकाच हॉलमध्ये दोन कलाकारांची कामं आणि विषय रंग व संवेदना असेल, तर चित्रांची यादी करण्याआधी दोघांच्या मधली मोकळी जागा ठरवा. रंग शेजार बघून बदलतो. पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यात रंगखातं सांभाळणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळ्या सुताला तेज नाही अशी तक्रार आली होती. तपासल्यावर सूत ठीक निघालं. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी ते उतरल्यासारखं दिसत होतं. त्याचं हे काम १८३९ साली छापून आलं. चादरीचे पट्टे जुळवणाऱ्या सोलापूरकराला यात नवल वाटणार नाही, पण हॉल लावताना तोच माणूस लाल कॅनव्हासशेजारी दुसऱ्याचं फिकं हिरवं काम टांगतो आणि ते भडक झालं म्हणून चित्रकाराला बोल लावतो.

समजा, पहिल्याचे मोठे सपाट रंगाचे कॅनव्हास आहेत आणि दुसऱ्याची स्पर्श, वास, आवाज यांची मांडणी आहे. दोघांची कामं एक सोडून एक लावू नका. अर्धा-अर्धा हॉल द्या आणि मधे निदान ३ मीटर रिकामी राखाडी भिंत ठेवा. या रिकाम्या भिंतीवर सगळ्यांचा डोळा असतो, विशेषतः प्रायोजकाच्या फ्लेक्सचा. म्हणून ही भिंत प्रदर्शनाचाच भाग आहे हे दोघांच्या लेखी करारात घाला. खर्चाची वाटणी, विक्रीचा हिशोब आणि मोडतोड कुणी भरायची, हेही तिथेच लिहून दोघांच्या सह्या घ्या.

जागा बघायला दुपारी जा, तेव्हा तिची खोड कळते. उत्तरेचा उजेड सौम्य असतो हा सल्ला थंड देशांतल्या पुस्तकांतून आलेला आहे. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १७.७ अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येतं. जुनी लूमची शेड घेतलीत आणि छपराला उत्तरेकडे काचा असतील, तर त्या महिन्यांत काचा झाकाव्याच लागतात. खरं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. फक्त जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे, म्हणजे यात्रेचे, दिवस बघून तारीख घ्या. उन्हाळ्यात कुलर लागतो आणि कुलर या प्रदर्शनाचा वैरी आहे: कागदाला ओल लागते, घरघर आवाजाच्या कामात मिसळते आणि ओल्या वाळ्याचा वास वासांच्या मांडणीवर बसतो.

भिंतींना मॅट इमल्शनच द्या. चमकदार रंगात दिव्याचं प्रतिबिंब पडतं. ६०० चौरस फूट भिंतीला दोन हातांसाठी साधारण १० लिटर रंग लागतो. पांढऱ्यात काळा स्टेनर घालून केलेली राखाडी निळसर झुकते, म्हणून किंचित पिवळी ऑक्साइड घाला. सगळा रंग एकदाच एका ड्रममध्ये कालवा, कारण दुसऱ्यांदा केलेली छटा जुळत नाही आणि अशा प्रदर्शनात ते लगेच दिसतं. काम सकाळी उरका. दुपारच्या कोरड्या उन्हात रंग रोलरखालीच सुकतो आणि पट्टे उठतात. उद्घाटनाआधी आठवडाभर हॉल उघडा ठेवा, नाहीतर वासाच्या दालनात आधी इमल्शनच येईल.

आता उजेड. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा अंक) ९० किंवा अधिक असलेले एलईडी घ्या आणि सगळे एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले. उजेडाची छटा ४००० केल्विन असली तर दोघांनाही चालतं. स्वस्त दिव्यात लाल मरतो आणि मरून रंगाची चादर विटकरी दिसते. दिवा वरून ३० अंशांच्या तिरकसपणाने सोडा. कॅनव्हासला १५० ते २०० लक्स (उजेड मोजायचं एकक), रंगवलेलं सूत आणि कागद यांना ५० लक्सपर्यंत. मोबाइलचं लक्स-ॲप अचूक नसतं, पण दोन भिंतींची तुलना करायला पुरतं. दिवा लावून मोबाइलचा कॅमेरा धरा. पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर फडफडतो आहे, बदलून घ्या. डिमर लावायचा असेल तर दिवा डिमरला चालणारा आहे ना, हे वायरमनकडून आधी तपासा. वीज जाते तेव्हासाठी साइन-वेव्ह इन्व्हर्टर ठेवा. चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर स्पीकरमध्ये गुणगुणतो.

दिवे लावले की एक सोपी तपासणी करा. पांढरा ए-४ कागद दुसऱ्याच्या कामाच्या जागी धरा, तसाच दुसरा कागद मधल्या राखाडी भिंतीपाशी धरायला सांगा आणि फोटो न काढता डोळ्यांनी बघा. पहिला गुलाबी किंवा पिवळसर दिसला तर समोरच्या कॅनव्हासचा रंग परावर्तित होऊन तिथवर पोचतो आहे. कोपऱ्यात हे सर्वांत जास्त होतं. दिव्याचा झोत अरुंद करा किंवा मोठा कॅनव्हास कोपऱ्यापासून मीटरभर सरकवा.

अंधारी खोली करणार असाल तर तिथे लाल काम ठेवू नका. अगदी मंद उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात. त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही आणि निळा-हिरवा उजळ वाटतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, एवढा वेळ कुणी थांबत नाही. म्हणून मधे मंद उजेडाचा बोळ द्या. दोन काळे पडदे मीटरभर एकमेकांवर येतील असे लावा, वाट १.२ मीटर रुंद ठेवा, बाहेर पडायचं दार मात्र पडद्याने झाकू नका. लुकलुकणारे दिवे शक्यतो टाळाच. सेकंदाला ३ ते ३० वेळा चमकणारा प्रकाश काहींना फेफरं आणू शकतो.

डोळ्यात उरणारी प्रतिमा दाखवायची असेल तर ४० सेंटिमीटरचा मॅट लाल चौकोन, मधोमध काळा ठिपका, दीड मीटरवर पायांची खूण आणि ३० सेकंदांची सूचना एवढं पुरे. नंतर रिकाम्या भिंतीकडे बघितलं की हिरवट-निळा चौकोन तरंगतो. ठिपका नसला तर नजर भटकते आणि काहीच दिसत नाही.

टांगताना सगळ्या कामांचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर घ्या. वरच्या कडा जुळवत बसू नका. चादरीसारखं कापड मागे नेफा शिवून, त्यातून लाकडी पट्टी घालून लटकवा आणि एक दिवस आधी लटकवा, कारण वजनाने ते ओघळतं.

स्पर्शाच्या तुकड्यांचे तीन संच करा, ३० बाय ३० सेंटिमीटरचे. ओल्या पांढऱ्या सुती कापडाने दहा वेळा घासून बघा. रंग उतरला तर तो तुकडा घामेजल्या हातांसमोर टिकणार नाही. टेरी टॉवेलचे फासे अंगठीत अडकतात. ओढलेला धागा कात्रीने कापा, खेचू नका.

वास तीन-चारच ठेवा. झाकणाच्या काचेच्या बरणीत कापसावर दोन-तीन थेंब, रोज सकाळी नवे. दिवसभर तिथे बसणाऱ्या स्वयंसेवकाचं नाक बधिर होतं, त्याला वास गेला असं वाटतं आणि तो थेंब वाढवत जातो. हा निर्णय बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसावर सोडा. दमा असलेल्यांसाठी दाराबाहेर पाटी लावा. आणि उद्घाटनाची समई, उदबत्ती, हार-तुरे, मान्यवरांची भाषणं हे सगळं हॉलबाहेर. एकाच उदबत्तीने वासाचं दालन त्या दिवसापुरतं संपतं.

आवाज मीटरभर अंतरावरच्या दोघांना नेहमीच्या स्वरात बोलता येईल एवढाच. भिंतीवर आपटून परतणारा आवाज रोखायला जाड चादर भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून टांगा. घुमणं बरंच कमी होतं.

पाट्यांवर रंगाचं नाव लिहू नका. वाचलं की माणूस तेच बघतो. पाटीचा कागदही राखाडी घ्या. मंद खोलीत शुभ्र पाटी सगळ्यांत उजळ होऊन बसते. अक्षरं २४ पॉइंटची, मजकूर मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही. शहराच्या पूर्व भागातला तेलुगू बोलणारा विणकर सुताच्या छटा आपल्यापेक्षा बारकाईने बघतो, त्याला दारातच परकं वाटायला नको. लाल-हिरवा वेगळा न दिसणारे पुरुष स्त्रियांपेक्षा बरेच जास्त असतात, त्यामुळे सूचनांत «हिरव्या खुणेवर उभे राहा» असं न लिहिता पायांचं चित्र काढा.

उतरवताना आधी बरण्या बाहेर न्या आणि एक दिवस पंखे चालवा, मग कापड मांजरपाटात गुंडाळा. वास धरलेली चादर प्लॅस्टिकमध्ये बांधली तर तो वास महिनोन् महिने जात नाही. भिंत परत पांढरी करून द्यायची असेल तर राखाडीवर आधी प्रायमरचा एक हात लागतो. भाडं ठरवताना हे दोन दिवस धरा.