भाकरी मोडते? हाताला नावं ठेवण्याआधी पीठ बघा

थापता थापता भाकरीच्या कडेला भेगा पडल्या की आपण लगेच म्हणतो, "माझा हातच बसत नाही." शिकणाऱ्या कितीतरी मुली-सुना इथेच भाकरी सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा चूक हाताची नसते, पिठाची आणि पाण्याची असते.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. कणकेसारखा ताण तिच्या पिठाला येणारच नाही. भाकरी धरून ठेवतो तो पिठाचा चिकटपणा, आणि पीठ जुनं झालं की तो कमी होतो. यालाच आपल्याकडे पिठाची विरी गेली म्हणतात. म्हणून महिन्याचं दळण एकदम आणू नका, आठ-दहा दिवसांचंच आणा. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मिळाली तर फारच छान. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी एकदा खाऊन बघाच. बाजरी तर त्याहूनही थोडी दळा. तिच्यात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ लवकर कडू होतं.

विरी गेलेलं पीठ टाकून मात्र देऊ नका. नुसत्या कोमट पाण्यात मळणं हीच इथली मोठी चूक. पाणी खळखळ उकळलेलं हवं, तरच पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो. वाटीभर पिठात अर्धी वाटी उकळतं पाणी घाला, उलथन्याच्या टोकाने कालवा, पाच मिनिटं झाका. मग लागेल तसा पाण्याचा हात लावत मळा.

सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवू नका. एका भाकरीपुरतं घ्या आणि तळहाताच्या टाचेने परातीत रगडा, चांगलं दोन-तीन मिनिटं. झालं की नाही हे गोळाच सांगतो. अंगठ्याने दाबून बघा. कड गुळगुळीत राहिली तर थापायला घ्या. केसासारखी बारीक चीर दिसली तरी ओल्या हाताने पुन्हा रगडा.

भाकरी फुगत नसेल तर लक्ष तव्याकडे द्या. तवा आधी चांगला तापू द्या. थापताना परातीकडे असलेली पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाका आणि लगेच वरून पाणी फिरवा. हे पाणी पुरतं वाळू द्यायचं नाही. वरची चमक गेली, पण बोटाला ओल लागते आहे, तेवढ्यात उलटा. उशीर झाला की वरचा थर तडकतो, तिथून वाफ निसटते आणि पापुद्रा सुटत नाही. दुसरी बाजू मात्र घाई न करता भाजा. कडा सुटून भाकरी तव्यावर सहज फिरू लागली की पहिली बाजू थेट आचेवर धरा.

भाजलेल्या भाकऱ्या गरम असताना एकावर एक रचू नका, वाफेने ओल्या होतात. थोडा वेळ टोपलीच्या कडेला टेकवून उभ्या ठेवा.