सतत बदलणाऱ्या पानांना कॅश कशी लावावी

मतमोजणीच्या दिवशी बातम्यांच्या संकेतस्थळाचे मुख्य पान मिनिटामिनिटाला बदलते आणि वाचकांची गर्दीही नेमकी त्याच दिवशी उसळते. अशा पानाला कॅश, म्हणजे तयार पानाची तात्पुरती साठवलेली प्रत, नकोच, असे अनेकांना वाटते. वास्तविक तिची निकड इथेच सर्वाधिक असते. सेकंदाला ५०० विनंत्या येत असतील आणि पान केवळ १० सेकंद साठवले, तर सुमारे ५,००० विनंत्यांसाठी डेटाबेसला एकदाच राबावे लागते.

वाचकाच्या ब्राउझरमध्ये गेलेली प्रत आपल्याला परत मागवता येत नाही, सीडीएनवरची (वाचकांजवळच्या मध्यस्थ सर्व्हरांच्या जाळ्यावरची) प्रत मात्र हवी तेव्हा पुसता येते. म्हणून दोन्हींची मुदत वेगळी ठेवावी. पानासोबत जाणाऱ्या ‘कॅश-कंट्रोल’ या हेडरमध्ये (सूचनांच्या ओळीत) ब्राउझरसाठी ‘मॅक्स-एज’ शून्य आणि सीडीएनसारख्या सामायिक कॅशसाठी ‘एस-मॅक्सएज’ १० सेकंद द्यावा. सोबत ‘ईटॅग’ (पानाच्या आवृत्तीची खूण) असल्यास, पान बदललेले नसताना सर्व्हर केवळ ३०४, म्हणजे ‘बदल नाही’, हे उत्तर देतो आणि मजकूर पुन्हा पाठवावा लागत नाही. (‘नो-कॅश’ म्हणजे ‘साठवू नका’ नव्हे, तर ‘वापरण्यापूर्वी विचारा’, साठवूच नये असे सांगायचे असेल तर ‘नो-स्टोअर’ लिहावे. हे नाव ज्याने ठेवले त्याने बराच गोंधळ करून ठेवला आहे.)

खरी कसोटी मुदत संपण्याच्या क्षणी लागते. त्या वेळी आलेल्या शेकडो विनंत्या एकदम मूळ सर्व्हरवर गेल्या, तर कॅश असूनही तो कोलमडू शकतो. यावर ‘स्टेल-व्हाइल-रीव्हॅलिडेट’ हा उपाय आहे: ठरावीक काळ जुनी प्रत देत राहायचे आणि ताजी प्रत मागच्या मागे आणायची. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये याच्या जोडीला ‘प्रॉक्सी कॅश लॉक’ सुरू करावे, म्हणजे पानाची एकही प्रत साठवलेली नसताना एकच विनंती आत जाते आणि बाकीच्या काही काळ थांबतात.

चित्रे, सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या फाइलींच्या नावात आशयाचा हॅश (आशयावरून काढलेला, तो बदलला की बदलणारा संकेत) घालून त्यांना वर्षाची मुदत द्यावी. लॉगिन केलेल्या वाचकाचे पान मात्र सामायिक कॅशमध्ये कधीही जाऊ देऊ नये. त्यासाठी ‘प्रायव्हेट’ लिहावे, अन्यथा एकाचे खाते दुसऱ्याला दिसण्याचा धोका असतो. उलट, सार्वजनिक पानावर विनाकारण कुकी लावली, तर एनजिनएक्स ते पान मुळातच साठवत नाही.

शेवटी ‘कर्ल’ या कमांड-लाइन साधनाने हेडर तपासावेत. ‘एज’ हा प्रतीचे वय सेकंदांत सांगणारा आकडा वाढत जाऊन पुन्हा शून्याजवळ येत असेल, तर कॅश काम करत आहे असे समजावे.